अकरा तालुके आणि एक वायफाय

दर महिन्याच्या २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे विवरणपत्र भरावे लागते आणि त्याची आठवण व्यापाऱ्याला १९ तारखेच्या संध्याकाळीच होते. अक्कलकोट रस्त्यावरील एका टेरी टॉवेलच्या कारखान्याचे हिशेब मी जुळे सोलापुरातील घरी बसून पाहतो, त्यामुळे ही संध्याकाळ माझ्या अंगवळणी पडलेली आहे. या खेपेला आकडे जुळले होते, चहा झाला होता, फक्त लॅपटॉपचे वायफाय गेले होते. नुसते बंद पडले असते तर त्याचे चिन्ह तरी कोपऱ्यात दिसले असते. येथे चिन्हही नव्हते, आणि एरवी शेजारच्या सात बिऱ्हाडांची नावे दाखवणारी यादीच मुळात उघडत नव्हती. त्या यंत्राला वायफाय नावाचा अवयव कधी नव्हताच, असा त्याचा एकंदर आविर्भाव होता.

मी हौसेने लिनक्सवाला झालेलो नाही, हे येथेच सांगून टाकतो. विंडोज १० ला मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि माझा धडधाकट लॅपटॉप त्याच्या प्रोसेसरच्या वयामुळे विंडोज ११ च्या पंगतीला बसू शकला नाही. नवा लॅपटॉप घेण्याइतके टॉवेल माझ्या वाट्याला येत नसल्याने मी त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली बसवली. तेव्हापासून ती इमानेइतबारे चालली आहे. त्या दिवशी सकाळी कोपऱ्यातल्या ढालीच्या चिन्हावर ठिपका आला, अद्ययावत होण्याची परवानगी मागितली गेली, मी ती दिली आणि दुपारी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, एवढाच काय तो माझा या प्रकरणाशी संबंध.

मदतीसाठी मी प्रथम आमच्या गल्लीतल्या, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाला गाठले. त्याने माझे म्हणणे अर्धे ऐकून घेतले आणि ‘काका, मिंट काढा, आर्च टाका’ असे, म्हणजे लिनक्सचाच दुसरा अवतार बसवायला, सांगून क्रिकेट खेळायला निघून गेला. दाढ दुखते म्हणून गेलेल्या माणसाला जबडा बदलण्याचा सल्ला देण्याची ही पद्धत लिनक्सवाल्यांत इतकी रुळलेली आहे की तिचे मला वाईटही वाटले नाही. मग मी गुरुजींना फोन लावला.

गुरुजी हे एका तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले गृहस्थ असून पूर्व भागात कन्ना चौकाच्या अलीकडे राहतात. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, बाजारात हिंदी आणि माझ्याशी मराठी बोलतात. लिनक्स मात्र ते या चारही भाषांत एकाच सुरात बोलतात आणि तो सूर साधारणपणे रागावलेला असतो. ते कोणाच्या यंत्राला हात लावत नाहीत आणि कोणाला आज्ञा लिहून पाठवत नाहीत. ‘तेवढी ओळ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता का?’ असे मी सुरुवातीलाच विचारून पाहिले.

‘‘कॉपी-पेस्ट करणारा माणूस कधी शिकत न्हाई बे. हातानं टाईप कर. आधी सांग, काय केलास?’’

‘‘काही केले नाही, गुरुजी. अपडेट केले फक्त.’’

‘‘काय तरी केला असशील. उगं जात न्हाई वायफाय.’’

हा संवाद अपमानास्पद आहे, पण अटळही आहे, कारण लिनक्समध्ये कोणत्याही बिघाडाचा तपास फिर्यादीच्या चारित्र्यापासून सुरू होतो. माझे चारित्र्य पुरेसे तपासून झाल्यावर त्यांनी निदान सांगितले आणि ते अचूक होते, हे मान्य केलेच पाहिजे. माझ्या लॅपटॉपमधील वायफायच्या चिपला चालवणारा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आयता नसतो. प्रत्येक नव्या कर्नलबरोबर तो यंत्रावरच नव्याने बांधला जातो, आणि बांधण्यासाठी त्या कर्नलच्या हेडर फाइली लागतात. सकाळी कर्नल आला, पण त्याचे हेडर कोठे तरी मागे राहिले, म्हणून ड्रायव्हर बांधला गेला नाही. तेव्हा हेडर बसवायचे, बाकीचे ते आपले आपण होते. काम एका ओळीचे होते, आणि ती ओळ फोनवरून उतरवून घ्यायची होती.

इंग्रजी अक्षरे फोनवर एकसारखी ऐकू येतात. त्यावर गुरुजींनी वर्षानुवर्षांच्या अनुभवातून सोलापूर जिल्ह्याचा तोडगा काढलेला आहे.

‘‘लिही. एस सांगोल्याचा. यू उत्तर सोलापूरचा. डी दक्षिण सोलापूरचा. ओ.’’

‘‘ओ कशाचा?’’

‘‘ओ गोल असतोय बे, त्याला गाव कशाला पायजे? सुडो झालं. आता जागा सोड. ए अक्कलकोटचा, पी पंढरपूरचा, टी टेंभुर्णीचा. परत जागा. आय इंदापूरचा.’’

‘‘गुरुजी, इंदापूर पुणे जिल्ह्यात आहे.’’

माझे चुकलेच नव्हते, पण हे बोलायला नको होते. पलीकडे काही क्षण शांतता पसरली आणि मग उजनी धरणाचा विषय निघाला. धरण माढा तालुक्यात, पाण्याचा फुगवटा इंदापूरपर्यंत, आणि भांडण दोन्ही जिल्ह्यांत, ही हकिकत मला पाठ आहे, परंतु ती ऐकताना माझे बोट ‘आय’ या कळीवर अधांतरी होते. शेवटी गुरुजींनी निकाल दिला. ‘‘त्यांना आपलं पाणी पायजे नव्हं? मग त्यांचा एक आय आपण घेतला तर काय बिघडलं? लिही, इंदापूरचाच आय.’’ मी लिहिला. एन नवी पेठेचा आला, दोन एल लक्ष्मी मार्केटचे आले, एच होटगीचा आणि आर रूपाभवानीचा आला. चालू कर्नल कोणता ते सांगणाऱ्या ‘यूनेम’ या शब्दातल्या एमची पाळी आली तेव्हा मी सावधपणे विचारले, ‘‘मोहोळचा ना?’’

‘‘मोहोळ घे, माढा घे, मंगळवेढा घे, माळशिरस घे, चार हायत आपल्याकडं. कुठलाबी चालतोय.’’ गुरुजींच्या आवाजात प्रथमच औदार्य जाणवले. त्या संबंध ओळीत जिल्ह्यातील अकरा तालुक्यांपैकी फक्त बार्शी आणि करमाळा यांना स्थान मिळाले नाही. तेथील वाचकांनी राग मानू नये.

खरी गंमत मात्र ‘यूनेम’च्या अलीकडे होऊन गेली होती. तेथे डॉलरचे चिन्ह आणि त्याला चिकटून कंस येतो. गुरुजी म्हणाले, ‘‘डॉलर दे.’’ मी दिला. ‘‘जरा जागा दे.’’ मी जागा दिली. ‘‘अजून थोडी दे की.’’ मी अजून एक जागा दिली. ‘‘हां, आता बस. कंस चालू कर.’’ मी कंस चालू केला, आतला मजकूर लिहिला, कंस पूर्ण केला आणि एंटर दाबले. टर्मिनलने, म्हणजे आज्ञा लिहिण्याच्या खिडकीने, तत्काळ कळवले की कंस अनपेक्षित ठिकाणी आढळला आहे. मी ते गुरुजींना वाचून दाखवले.

‘‘डॉलर आणि कंसात जागा सोडलास काय?’’

‘‘तुम्हीच म्हणालात. दोनदा म्हणालात.’’

‘‘मी कधी म्हनलो?’’

‘‘आत्ताच. जरा जागा दे, मग अजून थोडी दे.’’

‘‘नातवाला म्हनलो बे! झोपाळ्यावर आडवा झोपलाय त्यो. तुला कशाला जागा द्यायला सांगू मी?’’

पार्श्वभूमीवर नातू हसला. त्याचे हसणे मी अजून विसरलेलो नाही. मराठीत नातवाशी बोलायचे कारण काय, एरवी तर तुम्ही त्याच्याशी तेलुगूत बोलता, असे विचारण्याचे माझ्या ओठांवर आले होते, परंतु तेवढ्यात आतून सौभाग्यवतींचा आवाज आला, ‘‘अहो, पाणी आलंय, मोटार लावा!’’ सोलापुरात पाणी पाळीने येते आणि पाळी चुकली तर पुढची कधी ते पंचांगातही सापडत नाही, म्हणून कर्नलला तसेच ठेवून मी मोटार लावायला गेलो. परत आलो तेव्हा गुरुजी फोनवर तसेच होते आणि मी गेलो होतो हे त्यांच्या लक्षातही आले नव्हते. ते कर्नलच्या इतिहासावर बोलत होते.

तो इतिहास मोठा लोभस आहे. हेलसिंकीच्या लिनस टॉरव्हाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ च्या ऑगस्टमध्ये आपण ही प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले, तेव्हा हा केवळ छंद आहे, याचे काही मोठे होणार नाही, असे त्याने आधीच सांगून ठेवले होते. आज जगातील सर्वांत शक्तिशाली पाचशे महासंगणकांची जी यादी निघते, तिच्यातले झाडून सगळे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लिनक्सवरच चालतात. गुरुजींनी हे अभिमानाने सांगितले आणि मलाही अभिमान वाटला, पण त्या पाचशेंपैकी एकालाही १९ तारखेच्या रात्री जुळे सोलापुरातून वायफायला जोडून घ्यायचे नसते, हा विचार काही केल्या मनातून जाईना.

ओळ पुन्हा लिहिली. सगळे तालुके पुन्हा एकदा होऊन गेले, इंदापूरवरून मी या वेळी मुकाट्याने गेलो. एंटर दाबल्यावर टर्मिनल बराच वेळ विचार करत राहिले आणि मग सर्व्हरचे नाव शोधता येत नसल्याचे त्याने लिहिले.

‘‘तुला नेट न्हाई काय बे?’’ गुरुजींनी आश्चर्याने विचारले.

वायफाय गेले आहे, म्हणूनच फोन केला आहे, हे वाक्य मी ज्या स्वरात उच्चारले त्याचे मला पुढे काही काळ समाधान वाटत राहिले. गुरुजींना मात्र त्यात काहीच वावगे दिसले नाही. ‘‘मग आधी सांगायचं नव्हं? फोन केबलनं जोड. यूएसबी टेदरिंग चालू कर.’’ म्हणजे फोनचे नेट केबलमधून लॅपटॉपला पुरवायचे. वायफायच मेलेले असल्याने हॉटस्पॉटचा उपयोग नव्हता, त्यामुळे उपाय बरोबर होता. अडचण अशी की घरात हाती लागलेली पहिली केबल नुसती चार्जिंग करणारी निघाली, तिच्यातून विदा जातच नव्हती. दुसरी केबल चिरंजीवांच्या कप्प्यात सापडली, ती जेमतेम वीतभर होती. परिणामी ज्या फोनवर मी बोलत होतो तोच फोन लॅपटॉपच्या कुशीला टांगला गेला, आणि स्पीकरचा आवाज गेलेला असल्यामुळे मला टेबलावर गाल टेकवून, एक डोळा पडद्यावर आणि कान फोनवर ठेवून टंकलेखन करावे लागले. ज्या फोनने अखेर मला तारले तो अँड्रॉइडचा, म्हणजे त्याच्या पोटातही लिनक्सचाच कर्नल. त्याचे वायफाय त्या संपूर्ण वेळात एकदाही गेले नाही, हे मी त्या अवस्थेत टिपून ठेवले.

हेडर उतरले, ड्रायव्हर बांधला गेला, यंत्र पुन्हा चालू केल्यावर शेजारची सातही बिऱ्हाडे यादीत हजर झाली. विवरणपत्र गेले. मी मनापासून आभार मानले आणि गुरुजी प्रसन्न होऊन म्हणाले, ‘‘तसं जुन्या कर्नलवर गेला असतास तरी चाललं असतं म्हणा. चालू होताना ग्रबच्या यादीत जुना कर्नल असतोयच की. त्यो निवडला की वायफाय लागलीच आलं असतं. दोन मिनिटांचं काम.’’

‘‘मग आधी का नाही सांगितलेत?’’

‘‘तू वायफाय दुरुस्त कसं करायचं ते विचारलास. आज रात्रीपुरतं कसं चालवायचं ते कुठं विचारलास?’’

लिनक्सच्या जगात मदत भरपूर मिळते आणि ती फुकट मिळते, त्यामुळे तिच्याविषयी तक्रार करण्याची सोय राहत नाही. पण मदत करणाऱ्याला समोरच्या माणसाची २० तारीख दिसत नाही, त्याला फक्त कोडे दिसते, आणि कोडे जितके पूर्णपणे सुटेल तितके त्याला बरे वाटते. ज्याचे काम अडले आहे त्याला आधी वाट द्यावी आणि कारणमीमांसा दुसऱ्या दिवशी करावी, एवढे साधे तारतम्य या मंडळींत क्वचित आढळते. नाही तर मग ती दुसरी जात आहेच, जिला सगळी हकिकत सांगितल्यावर ‘माझ्याकडे तर व्यवस्थित चालतंय’ एवढेच उत्तर सुचते. त्यांचे व्यवस्थित चालते याचा मला आनंदच आहे, परंतु माझ्या कारखानदाराचा विलंब शुल्क त्या आनंदातून भरता येत नाही. आणि हे सगळे बोलून दाखवावे तर आपणच कृतघ्न ठरतो, कारण गुरुजींनी आपली अख्खी संध्याकाळ माझ्यासाठी घातली होती आणि त्यांचा नातू झोपाळ्यावर तसाच झोपी गेला होता.

फोन ठेवण्यापूर्वी मी या खेपेला प्रश्न नीट घासूनपुसून विचारला. ग्रबची ती यादी माझ्या लॅपटॉपवर चालू होताना दिसतच नाही, तेव्हा ती आणण्यासाठी शिफ्ट दाबायचे की एस्केप, एवढे फक्त एका शब्दात सांगावे, अशी मी विनंती केली.

‘‘ते तुझं मशीन बायोसचं हाय का यूईएफआयचं, त्यावर हाय,’’ असे म्हणून गुरुजींनी घसा साफ केला आणि १९८१ साली आलेल्या पहिल्या आयबीएम पीसीपासून सुरुवात केली. मी फोन ताटाशेजारी ठेवला, कडक भाकरी मोडली, शेंगाचटणीवर दही घेतले. ते १९९५ च्या आसपास पोचले तेव्हा माझे जेवण आटोपले होते, आणि सौभाग्यवती खुणेने विचारत होत्या की गुरुजींना ‘हो’ कोणी म्हणायचे, तुम्ही की मी.