ओळी कमी झाल्या म्हणजे कोड सोपा झाला का? प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ड्रायव्हरमधला पॉवर मॅनेजमेंटचा (पीएम) कोड कमी ओळींत कसा लिहावा, या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप दोन. लिनक्स ड्रायव्हरच्या प्रोबमधला (डिव्हाइस जोडताना चालणाऱ्या फंक्शनमधला) पीएमचा भाग 'डेव्हएम'च्या, म्हणजे आवराआवर आपोआप करणाऱ्या कर्नलच्या सोयीच्या, हवाली केला की काय कधी बंद होतं ते दिसत नाही, हा पहिला. पीएम वगळून बांधलेल्या कर्नलवर तो ड्रायव्हर चालणारच नाही, हा दुसरा.

दुसरा पूर्ण मान्य. माझ्या उदाहरणात क्लॉक (डिव्हाइसला चालवणारा ठोक्यांचा सिग्नल) फक्त रनटाइम रिझ्यूमच्या, म्हणजे झोपलेलं डिव्हाइस जागं करताना कर्नल बोलावतो त्या, कॉलबॅकमध्ये सुरू होत होतं. पीएम नसेल तर तो कॉलबॅक कोणी बोलावतच नाही. क्लॉक बंद असताना रजिस्टर वाचलं की कुठे कचरा हाती येतो, कुठे अख्खा बोर्ड गोठतो. तेव्हा प्रोबमध्ये आधी क्लॉक सुरू करा, मग सेट_ॲक्टिव्ह (डिव्हाइस जागं आहे असं सांगणं), शेवटी एनेबल (रनटाइम पीएम, म्हणजे चालू असतानाच डिव्हाइस झोपवणं-जागं करणं, सुरू करणं). रनटाइम पीएम सुरुवातीला डिव्हाइस झोपलेलंच धरतं. एनेबलनंतर सेट_ॲक्टिव्ह केलंत तर ईअगेन ही एरर येते, आणि ती तपासली नाही तर चूक तशीच दडून राहते. लेखात दुरुस्ती केली आहे.

पहिलं मात्र पटत नाही. हाताने लिहिलेल्या कोडमध्ये क्रम दिसतो, पण गळतीही तिथेच होते. डिव्हाइस जागं करून घेणारं गेट_सिंक फसलं तरी वापराची मोजणी (ती शून्य असेल तरच डिव्हाइस झोपतं) एकाने वाढलेलीच राहते. एरर पाहून थेट रिटर्न केलंत की मोजणी शून्यावर येत नाही; पुढे ड्रायव्हर डिव्हाइसशी नीट जोडला (बाइंड) गेला तरी डिव्हाइस झोपत नाही. बॅटरी उतरत जाते आणि लॉगमध्ये अक्षर नसतं. कर्नल ५.१० पासूनचं, गेट_सिंकच्या जागी वापरायचं रिझ्यूम_अँड_गेट फसल्यावर मोजणी स्वतःच उतरवतं.

खरा घोळ होतो तो हाताने लिहिलेला कोड आणि डेव्हएम यांच्या सरमिसळीमुळे. डेव्हएमची आवराआवर रिमूव्ह (ड्रायव्हर काढताना चालणारं फंक्शन) संपल्यावर, उलट्या क्रमाने होते. रिमूव्हमध्ये तुम्ही क्लॉक हाताने बंद केलंत, तर तेव्हा रनटाइम पीएम चालूच असतं. मध्येच सस्पेंड आलं की तेच क्लॉक दुसऱ्यांदा बंद होतं आणि 'ऑलरेडी डिसेबल्ड' अशी वॉर्निंग पडते. म्हणून क्लॉक सुरू केल्याबरोबर, एनेबलच्या आधी, डेव्हएम_ॲड_ॲक्शन_ऑर_रिसेटने एक छोटं फंक्शन नोंदवा: डिव्हाइस सस्पेंड झालेलं नसेल तरच क्लॉक बंद कर. आधी नोंदवलं म्हणून ते फंक्शन पीएम डिसेबल झाल्यानंतर चालतं. पीएम नसलेल्या कर्नलवर 'सस्पेंड झालंय का' याचं उत्तर कायम 'नाही' येतं, त्यामुळे तिथेही क्लॉक बरोबर बंद होतं.

हिंजवडी-खराडीतल्या आयटी कंपन्यांत ज्यांना चिप कंपनीने दिलेल्या ५.१० कर्नलवरच काम करावं लागतं, त्यांच्यासाठी एक सूचना: एनेबल करून डिसेबलही आपोआप नोंदवणारं डेव्हएम_पीएम_रनटाइम_एनेबल ५.१५ मध्ये आलं. त्याआधीच्या कर्नलवर पीएम_रनटाइम_डिसेबल करणारं फंक्शन वरच्याच पद्धतीने एनेबलनंतर लगेच नोंदवा.