रेल्वे अपघाताची चौकशी: एक खुलासा

‘रेल्वेचा अपघात झाला की रेल्वेच स्वतःची चौकशी करते’ हा मडगाव-थिवी भागातील प्रवाशांमध्ये फिरणारा संदेश अर्धवट आहे, आणि कोकण रेल्वेवर रोज विसंबणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्यातला भेद नीट समजून घेणे मला आवश्यक वाटते.

प्रवासी गाडीच्या गंभीर अपघाताची चौकशी 1989 च्या रेल्वे अधिनियमानुसार रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात, आणि हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या प्रशासकीय नियंत्रणाखाली असतात. ज्याच्याकडे गाड्या चालवण्याची जबाबदारी त्याच्याच हाती तपास नसावा, या विचाराने ही यंत्रणा 1941 मध्येच रेल्वे मंडळापासून वेगळी काढण्यात आली. अशा चौकशीत माहिती असलेल्या सामान्य प्रवाशालाही साक्ष देता येते. ही गोष्ट आपल्याकडे फारच थोड्यांना ठाऊक आहे.

संदेशात तथ्य आहे ते इतकेच, की आयुक्त ज्या अपघातांची चौकशी करत नाहीत, त्यांची चौकशी रेल्वे प्रशासन स्वतः करते. आयुक्तपदावर येणारे अधिकारी बहुधा रेल्वे सेवेतलेच असतात, हा आक्षेपही रास्त आहे. मात्र तो वेगळा मुद्दा आहे.