फुटबॉल लीग, तिकीटखिडकी आणि टीव्हीचा पैसा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

माझ्या लेखावर आपण लिहिलेली सविस्तर आणि रोखठोक प्रतिक्रिया दोनदा वाचली. तिला दोन ओळींत उत्तर देणे योग्य झाले नसते, म्हणून हे लांबलेले लेखन. इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. तिकीट काढून मैदानावर येणारा प्रेक्षक घडवण्याआधीच इंडियन सुपर लीग (आयएसएल) टीव्हीच्या सोयीने रचली गेली आणि तिची आजची दुर्दशा त्यातून आली, असे मी लेखात म्हटले होते. आपल्या मते हा मुंबईतल्या जुन्या कूपरेज मैदानाच्या आठवणींत रमलेल्या माणसाचा भाबडेपणा आहे. इंग्लंडची प्रीमियर लीग १९९२ मध्ये स्काय या वर्गणीवर चालणाऱ्या टीव्ही कंपनीच्या पैशावर उभी राहिली; तिच्या क्लबांना आज तिकीटविक्रीतून उत्पन्नाचा जेमतेम सातवा हिस्सा मिळतो; आयएसएलच्या पहिल्या हंगामात मैदाने भरलेली होती, तरीही लीग टिकली नाही; आणि मुंबई सिटी संघाचे अंधेरीचे मैदान प्रत्येक सामन्याला भरले तरी एका चांगल्या परदेशी खेळाडूचे मानधनही निघणार नाही. म्हणून सगळे सामने दोन मैदानांवर खेळवावेत आणि लीग टीव्हीवरचा कार्यक्रम म्हणूनच चालवावी, अशी आपली सूचना आहे.

सातव्या हिश्शाचा आकडा साधारण बरोबर आहे. प्रीमियर लीगच्या क्लबांच्या एकूण उत्पन्नात प्रक्षेपणाचा वाटा निम्म्याच्या वर आणि सामन्याच्या दिवशीच्या उत्पन्नाचा वाटा सातव्या हिश्शाच्या आसपास असतो. बोर्नमथसारखा जेमतेम अकरा हजार आसनांचा क्लब त्या लीगमध्ये केवळ या सामायिक पैशावर तग धरतो, हे उदाहरण आपण दिले नसले तरी ते आपल्याच बाजूचे आहे. परंतु कोणत्या खात्यात किती पैसे जमा झाले यावरून ते पैसे कशामुळे आले हे ठरत नाही, आणि आपल्या युक्तिवादात या दोन गोष्टी एकच मानल्या गेल्या आहेत.

१९९२ चेच पाहू. स्काय आणि बीबीसी यांच्याशी झालेला करार पाच वर्षांचा होता आणि जाहीर झालेली रक्कम होती ३० कोटी ४० लाख पौंड. त्या काळी हा आकडा डोळे दिपवणारा होता. पण इंग्लंडमधील लीग सामन्यांच्या प्रेक्षकसंख्येचा नीचांक १९८५-८६ च्या हंगामातला आहे, सुमारे १ कोटी ६५ लाख. तिथून ती दरवर्षी सावरत गेली आणि १९९१-९२ मध्ये, म्हणजे स्कायने एकही प्रीमियर लीग सामना दाखवण्यापूर्वी, तिने पुन्हा २ कोटींचा टप्पा ओलांडला होता. मधल्या काळात हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरीची दुर्घटना घडली, जानेवारी १९९० मध्ये तिच्यावरचा न्यायमूर्ती टेलर यांचा अंतिम अहवाल आला आणि वरच्या विभागांतील मैदानांना उभे राहून सामना पाहण्याच्या गॅलऱ्या काढून सर्वत्र आसने बसवावी लागली. टीव्हीने गुंतवणूक केली ती अशा सावरत असलेल्या आणि नव्याने बांधल्या जात असलेल्या मैदानांत. (माझ्या बाजूला जड जाणारी एक गोष्टही इथेच सांगतो. १९८५-८६ च्या त्या नीचांकी हंगामाच्या पूर्वार्धात करार न जमल्यामुळे इंग्लंडमध्ये टीव्हीवर लीग फुटबॉल दिसलेच नव्हते. टीव्ही बंद ठेवला की मैदाने आपोआप भरतात, असे मी कधीच म्हणणार नाही.)

आता ज्या मुद्द्यावर आपल्या प्रतिक्रियेत एकही वाक्य नाही, आणि माझ्या मते सारा प्रश्न ज्याच्याभोवती फिरतो, त्याकडे येतो. टीव्हीला पैसा दोन वाटांनी मिळतो, जाहिरातींतून आणि वर्गणीतून. आपल्यापुढे नमुना आयपीएलचा आहे, आणि मुंबईत राहून तो नमुना डोळ्यांपुढून हलवणे कठीणच आहे. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे तिचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. पण क्रिकेटच्या रचनेतच जाहिरातीला जागा आहे. प्रत्येक षटकानंतर, प्रत्येक बळीनंतर खेळ थांबतो, आणि तेवढ्यानेही भागेना म्हणून २००९ मध्ये 'स्ट्रॅटेजिक टाइमआउट' आणला गेला. फुटबॉलमध्ये पंचेचाळीस मिनिटे चेंडू फिरत राहतो आणि जाहिरातदाराच्या वाट्याला मुख्यतः मध्यंतराची पंधरा मिनिटे येतात, तीही प्रेक्षक चहाला उठलेला असताना. अमेरिकेत १९६७ मध्ये सीबीएस वाहिनीने एका नव्या व्यावसायिक लीगचे सामने दाखवले, तेव्हा जाहिराती बसवता याव्यात म्हणून आपण काही फाउल दिल्याचे एका पंचाने नंतर मान्य केले होते. खेळच वाकवल्याशिवाय जाहिरातीच्या जोरावर फुटबॉल मोठा पैसा देत नाही, हे त्या प्रसंगातून दिसते.

म्हणजे फुटबॉलसाठी उरते वर्गणी. स्कायने नेमके तेच विकले. जो माणूस आपल्या क्लबच्या सामन्यासाठी छपरावर डिश बसवायला आणि दरमहा पैसे भरायला तयार होता, त्याला तिने गाठले. असा माणूस कुठून येतो? पावसात भिजत गॅलरीत बसण्याची सवय ज्या घरात दोन-तीन पिढ्या चालत आली आहे, त्या घरातून तो बहुतांशी येतो. वर्गणीदार आणि तिकीट काढणारा या दोन वेगळ्या जाती नाहीत. एकाच निष्ठेची ती दोन रूपे आहेत, आणि निष्ठा तयार होण्याची जागा मैदान आहे. प्रीमियर लीगला मुंबईतही निष्ठावंत आहेत, रात्री उशिरापर्यंत जागून सामना पाहणारे, हे मला मान्य आहे. मात्र ते जे पाहतात त्यात भरलेली गॅलरी आणि तिचा आवाज हा मालाचा भाग असतो. जून २०२० मध्ये रिकाम्या मैदानांवर ती लीग पुन्हा सुरू झाली, तेव्हा प्रक्षेपकांनी गर्दीचा ध्वनिमुद्रित आवाज सामन्यावर चढवला आणि लीगला प्रक्षेपणाच्या पैशांतला काही भाग परतही करावा लागला.

दुसरा मुद्दा आहे जोखमीचा. तिकीटखिडकीवर हजारो गिऱ्हाइके असतात. त्यातली शंभर रुसली तरी क्लब चालतो. प्रक्षेपणहक्कांना गिऱ्हाईक एक किंवा दोनच, आणि ते गेले की सारेच जाते. इंग्लंडच्या खालच्या तीन विभागांनी आयटीव्ही डिजिटल या टीव्ही कंपनीशी तीन वर्षांचा ३१ कोटी ५० लाख पौंडांचा करार केला आणि २००२ मध्ये ती कंपनी बुडाल्यावर त्या पैशाच्या भरवशावर खेळाडूंशी करार करून बसलेल्या क्लबांची त्रेधा उडाली. फ्रान्समध्ये मीडियाप्रो या प्रक्षेपण कंपनीचा करार २०२० मध्ये काही महिन्यांतच मोडला. पुढे डॅझोन ही दुसरी प्रक्षेपण कंपनीही एका हंगामानंतर बाहेर पडली आणि २०२५ मध्ये लीगला स्वतःचीच वाहिनी काढावी लागली. या सगळ्या काळात फ्रान्समधली मैदाने ओस पडली नाहीत, आणि स्वतःच्या वाहिनीसाठी वर्गणीदार मागण्याचे धाडस ती लीग करू शकली ते बरेचसे त्यामुळेच, असे माझे मत आहे.

स्कॉटलंडचे उदाहरण मला याहून मोलाचे वाटते, कारण तिथे क्लबांना टीव्हीचा पैसा आणि तिकीट काढणारा प्रेक्षक या दोहोंतून एकाची प्रत्यक्ष निवड करावी लागली. २००९ मध्ये सेटांटा ही वाहिनी बुडाली, तेव्हा तिकीटविक्रीवर बरेच अवलंबून असलेल्या त्या लीगला फटका बसला, पण ती बंद पडली नाही. २०१२ मध्ये रेंजर्स हा बलाढ्य क्लब दिवाळखोरीत गेला आणि त्याच्या नव्या कंपनीला सर्वोच्च विभागात घ्यायचे की नाही यावर मतदान झाले. न घेतल्यास रेंजर्स-सेल्टिक सामने जातील आणि त्यांच्यासोबत टीव्हीचा पैसाही जाईल, हे सर्वांना दिसत होते. दुसऱ्या बाजूला इतर क्लबांचे सीझन तिकीटधारक बजावत होते की रेंजर्सला मागच्या दाराने घेतले तर आम्ही तिकिटांचे नूतनीकरण करणार नाही. बारापैकी दहा क्लबांनी विरोधात मत दिले आणि रेंजर्सला सर्वांत खालच्या विभागातून सुरुवात करावी लागली. त्या दहा अध्यक्षांना भाबडे म्हणता येणार नाही; आपले खरे गिऱ्हाईक कोण, याचा हिशेब त्यांनी केला होता.

आता आपल्या सर्वांत धारदार मुद्द्याकडे, आयएसएलच्या पहिल्या हंगामाकडे. २०१४ मध्ये सरासरी प्रेक्षकसंख्या वीस हजारांच्या वर होती, हे खरेच. पण तो हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबर असा सुमारे दहा आठवड्यांचा होता, आठ संघ होते आणि साखळीत प्रत्येक संघाला घरच्या मैदानावर सात सामने मिळाले. देल पिएरो, त्रेझेगे, अनेल्का आणि ल्युंगबर्ग खेळत होते, मालकांच्या कक्षात सिनेमा आणि क्रिकेटचे तारे बसत होते. या कुतूहलाने लोक आले यात नवल नाही. पण सात संध्याकाळी होऊन गेल्यावर दहा महिने काहीच नाही, अशाने सवय लागत नाही. मुंबईत तर पुढे संघाचे मैदानच बदलले. डी. वाय. पाटीलच्या विस्तीर्ण स्टेडियममधून तो २०१६ मध्ये अंधेरीच्या छोट्या मैदानात आला, आणि २०२० ते २०२२ या दोन हंगामांत महासाथीमुळे सगळे सामने गोव्यातच झाले. मुंबई सिटीने लीग आणि चषक दोन्ही जिंकले ते याच काळात, मार्च २०२१ पर्यंत, एकही मुंबईकर गॅलरीत नसताना.

शिवाय ती लीग चालवणाऱ्या कंपनीत तिचे प्रक्षेपण करणाऱ्या स्टारचाही भाग होता. विकणारा आणि विकत घेणारा एकमेकांचे भागीदार असले की प्रक्षेपणहक्कांची खरी किंमत कुणालाच कळत नाही. ती कळली २०२५ मध्ये. भारतीय फुटबॉल महासंघाने व्यावसायिक हक्कांसाठी डिसेंबर २०१० मध्ये केलेला पंधरा वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार संपत आला. त्याचे पुढे काय हे ठरत नसल्याने जुलैमध्ये नवा हंगाम स्थगित झाला. आणि नोव्हेंबरमध्ये व्यावसायिक हक्कांच्या निविदेला एकही बोली आली नाही. आपण म्हणता तशी केवळ टीव्हीसाठीची लीग भारतात दहा वर्षे चालवून झाली आहे, आणि तिचा निकाल तो हा.

एकाच गिऱ्हाइकाचा धोका मुंबईने टीव्हीच्या आधीही पाहिला आहे. कूपरेजवर खेळणारे आपले नामांकित संघ बहुतेक कंपन्यांचे होते. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. तो संघ हरत होता म्हणून नव्हे. कंपनीने आपले धोरण बदलले आणि संघाला दुसरा आधारच नव्हता. चीनमध्ये जिआंग्सू सुनिंग २०२० मध्ये लीगविजेता झाला आणि तीन-चार महिन्यांत मालकाच्या आर्थिक अडचणींमुळे त्याचे कामकाज थांबले.

राहिला अंधेरीचा हिशेब. सात हजार आसने, सरासरी तीनशे रुपयांचे तिकीट, हंगामात बारा सामने धरले तर अडीच कोटींच्या आसपास रक्कम होते, आणि एवढ्यात क्लब चालत नाही हे आपले म्हणणे रास्त आहे. मात्र यातून मैदान निरर्थक ठरत नाही; खेळाडूंचे मानधन लीगच्या खऱ्या उत्पन्नाशी कोणताही संबंध न ठेवता ठरवले गेले, एवढेच ठरते. अमेरिकेतील एमएलएस (मेजर लीग सॉकर) या फुटबॉल लीगकडे १९९६ पासून कित्येक वर्षे टीव्हीचा नाव घेण्याजोगा पैसा नव्हता. २००२ च्या आरंभी तिला दोन संघ बंद करावे लागले. तिने मानधनावर कठोर मर्यादा ठेवली आणि १९९९ मध्ये कोलंबसपासून सुरुवात करून एकामागून एक खास फुटबॉलची, आटोपशीर मैदाने उभारली. ॲपलबरोबरचा दहा वर्षांचा, अडीच अब्ज डॉलरचा करार २०२३ पासून लागू झाला, म्हणजे सत्तावीस वर्षांनी.

दोन मैदानांवर सगळी लीग खेळवण्याच्या आपल्या सूचनेला माझा विरोध आहे तो यामुळे. तिने विमानप्रवास आणि हॉटेलांचा खर्च वाचेल, पण कोलकाता, कोची आणि मुंबईतला जो थोडाफार तिकीट काढणारा वर्ग तयार झाला आहे तोही तुटेल, आणि प्रक्षेपकाला पुन्हा मुद्रित आवाज चढवावा लागेल. उलट दिशेने काही साधे करता येण्याजोगे आहे. अंधेरीचे क्रीडासंकुल आझाद नगर मेट्रो स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे, तरीही आठवड्याच्या मधल्या दिवशी साडेसातचा सामना म्हणजे डोंबिवलीच्या किंवा विरारच्या माणसाने गर्दीच्या वेळी तिथे पोहोचायचे आणि साडेनऊनंतर लहान मुलांना घेऊन परतीची गाडी धरायची. ही वेळ टीव्हीसाठी ठरलेली आहे. जर्मनीत सोमवारी रात्रीचे सामने प्रेक्षकांनी निषेध करून बंद पाडले आणि २०२१-२२ पासून ते वेळापत्रकातून गेले. तिथे गॅलरीला तेवढे वजन आहे, कारण क्लबातील मताधिकाराचा मोठा वाटा सभासदांकडे राखलेला आहे. आपल्याकडे सभासदांचे क्लब लगेच होणार नाहीत. पण शनिवार-रविवारचा सामना संध्याकाळी पाचला सुरू करणे, आणि किती तिकिटे विकली गेली व किती पास वाटले गेले हे प्रत्येक सामन्यानंतर वेगवेगळे जाहीर करणे, यासाठी कोणत्याही निविदेला बोली येण्याची वाट पाहावी लागत नाही.