म्हणे फाइव्ह-अ-साइडमध्ये भिंतीवर दाबलं तर चालतं!

आमच्या घराण्याचा व्हॉट्सॲप ग्रुप चवथीपुरता काढला होता. गणपतीवर टांगायच्या माटोळीला कोणी काय आणायचं, भजनाला पेटी कोणाची, एवढंच त्यात चालायचं. चवथ संपली, ग्रुप उरला, आणि आता त्यात दिवसभर ज्ञान वाहतं. गेल्या आठवड्यात काकांनी त्यात टाकलं, ‘इनडोअर फाइव्ह-अ-साइड फुटबॉलचे १० पक्के नियम. फिफामान्य. सर्व मुलांना पाठवा.’ मी नेहमीप्रमाणे वर सरकवलं.

शनिवारी रात्री ताईचा फोन आला. भाचा तेरा वर्षांचा. पावसात शेतं भरलेली, म्हणून पोरं छप्पर असलेल्या टर्फवर, म्हणजे जाळीने वेढलेल्या कृत्रिम गवतावर खेळतात. जाऊन पाहिलं तर उजव्या कोपरावर लोखंडी पाइपाचा हिरवानिळा वळ, बोट ठेवलं तरी पोरगं कळवळायचं. बॉल बाजूच्या जाळीपाशी होता, मागून एका दांडग्याने खांदा घालून याला पाइपावर दाबलं, बॉल काढून घेतला आणि गोल केला. शिट्टी वाजलीच नाही. भाचा म्हणाला, “मामा, रेफरीने मोबाइल दाखवला. चौथा नियम.” तोच फॉरवर्ड!

तर चौथ्यापासूनच सुरुवात करतो. तो म्हणतो, ‘इनडोअरमध्ये भिंत मैदानाचाच भाग असल्याने प्रतिस्पर्ध्याला भिंतीवर दाबणे फाउल नाही.’ फिफा पाच जणांच्या ज्या खेळाचे नियम छापते, त्याचं नाव फुटसाल. त्या नियमांची पुस्तिका फिफाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. एकूण १७ नियम आहेत, काकांनी १० वर आटोपले ते सोडा. फुटसालच्या मैदानाला भिंतच नसते, रेषा असतात. बॉल पूर्ण रेषेपार गेला की बाहेर. आता फाउलांचा १२ वा नियम उघडा. निष्काळजीपणे ढकललं, खांदा घातला, पाय घातला तर थेट फ्री किक. समोरच्याला इजा होईल याची पर्वा न करता केलं तर पिवळं कार्ड. अवाजवी जोर लावला तर लाल. मागे भिंत असली तर माफ, असं त्यात कुठेही नाही. आणि साधी अक्कल वापरा की. मोकळ्या मैदानात धक्का बसला तर पोरगं गवतावर पडतं. इथे मागे पाइप असतो. म्हणजे इथे शिट्टी आधी वाजायला हवी, की मुळीच नको?

एक गोष्ट मात्र नाइलाजाने कबूल करतो. आपल्याकडच्या पिंजरा-टर्फवर बॉल जाळीला किंवा फळीला लागून परत आला तर खेळ चालू ठेवतात. तासाचे पैसे मोजलेले असतात, बॉल आणायला कोण जाणार? ती तिथली सोय आहे, खुशाल ठेवा. पण ती सवलत बॉलला आहे, पोराच्या कोपराला नाही.

‘बॉल डोक्याच्या वर गेला तर फाउल’ आणि ‘डीमध्ये (गोलसमोरच्या आखलेल्या जागेत) फक्त गोलकीपर’ हे दोन्ही नियम कुठून आले ते मला ठाऊक आहे. इंग्लंडमध्ये पिंजऱ्यात जो फाइव्ह-अ-साइड खेळतात त्यात ते सर्रास चालतात. म्हणजे काका निम्मे बरोबर, फक्त देश आणि खेळ चुकला. फुटसालमध्ये हेडरने गोल करा, कोणी अडवत नाही. बॉल छताला लागला तरच समोरच्या संघाला किक-इन, म्हणजे बाजूच्या रेषेवरून पायाने बॉल आत टाकायची संधी मिळते. बॉल खाली राहावा म्हणून तिथे नियम केला नाही, बॉलच तसा केला. आकार ४, वजन ४०० ते ४४० ग्रॅम, आणि २ मीटरवरून सोडला तर पहिला टप्पा फक्त ५० ते ६५ सेंटिमीटर. दाराच्या चौकटीएवढ्या उंचीवरून सोडून बघा, जेमतेम गुडघ्याच्या वर येतो. नेहमीचा पाच नंबरचा बॉल घेऊन छपराखाली उतरलात तर तो डोक्यावरून जाणारच, त्यात पोरांचा काय दोष?

‘५ खेळाडू अधिक गोलकीपर.’ नाही. कीपर धरून ५. ‘बदली फक्त ३.’ तेही नाही. हव्या तितक्या वेळा बदला, खेळ थांबवायचीही गरज नाही. आतला आधी बाहेर आला पाहिजे आणि दोघांनी आपल्या संघाच्या बदली-पट्ट्यातूनच ये-जा केली पाहिजे, एवढंच. ‘बॉल बाहेर गेला की हाताने थ्रो.’ छे, पायाने किक-इन, तीही ४ सेकंदांत. ‘ऑफसाइड नाही’ हे बरोबर आहे. दहातलं एक.

‘लाल कार्ड मिळालं की शेवटपर्यंत चौघांनी खेळायचं.’ हा मोठ्या मैदानाचा नियम इथे आणून चिकटवलाय. फुटसालमध्ये हाकललेला परत येत नाही, पण २ मिनिटांनी दुसरा उतरवता येतो. चौघांवर पाच असताना गोल खाल्ला तर त्याआधीही.

आणि तो ‘सहाव्या फाउलला पेनल्टी’! यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच जास्त घोळ होतो. थेट फ्री किकचा प्रत्येक फाउल संघाच्या नावावर जमा होतो. एका हाफमध्ये पाच झाले की टाइमकीपरच्या टेबलावर खूण ठेवतात. सहाव्यापासून पुढे प्रत्येक वेळी समोरच्यांना मध्ये बचावाच्या खेळाडूंची भिंत उभी न करता थेट किक मिळते, ती १० मीटरच्या खुणेवरून. पेनल्टीची खूण ६ मीटरवर असते. शनिवारच्या सामन्यात पहिल्या हाफमध्ये दांडग्यांनी किती जणांना जाळीवर दाबलं ते भाच्याने बोटांवर मोजून सांगितलं. सात! एकही जमा झाला नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. काकांनी अंगठा पाठवला आणि तासाभराने लिंबूपाण्याने मूतखडा विरघळण्याचा फॉरवर्ड टाकला. टर्फवर ज्यांनी स्पर्धा ठेवली आहे त्यांना मात्र प्रत्यक्ष भेटलो. चौथा नियम काढतो म्हणाले. नडगीवर बांधायचे शिनगार्ड सक्तीचे करा म्हटलं, कारण फिफाच्या पुस्तिकेत ते सक्तीचेच आहेत, तर “बघूया” म्हणाले.

रविवारी पुढचा सामना आहे. भाचा खेळणार नाही, हात अजून नीट दुमडत नाही. तो खडू घेऊन टेबलापाशी बसणार आहे, दोन्ही संघांचे फाउल मोजायला. पाचवा झाला की पाण्याची बाटली टेबलावर उभी करायची, असं आमचं ठरलंय.