एमबीएचं कर्ज दोन वर्षांत फिटत नाही

शनिवारी रात्री साडेदहाला बहिणीचा फोन आला. "दादा, हा सोमवारी राजीनामा देतोय म्हणे." हा म्हणजे माझा भाचा. हिंजवडीच्या आयटी कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला आहे, पगार महिना 42 हजार. कारण विचारलं तर तोच मेसेज, जो गेले आठ दिवस घरच्या ग्रुपपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत फिरतोय: एमबीए नसेल तर तिशीनंतर करिअर संपलं, नोकरी सोडा, कर्ज काढा, शिकताना व्याज लागत नाही, टॅक्सही वाचतो, 10 लाखांच्या सरासरी पॅकेजमधून दोन वर्षांत कर्ज साफ, मायक्रोसॉफ्टचे नाडेला, गुगलचे पिचाई सगळे एमबीएच.

मी बँकेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर 11 वर्षं काढली आहेत. हा मेसेज वाचून गप्प बसवत नाही.

"शिकताना व्याज लागत नाही" हे धडधडीत खोटं आहे, आणि सगळ्यात जास्त घरं याच वाक्यावर फसतात. कोर्सभर आणि पुढे साधारण वर्षभर सूट मिळते ती हप्त्याची, व्याजाची नाही. कॉलेजच्या खात्यात पहिले पैसे गेले त्या दिवसापासून व्याज चालू. वर्षाला साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी केंद्राची व्याज अनुदान योजना आहे, तीही अटींवर. बाकीच्यांनी ते गृहीत धरू नये. एक वडील अजून आठवतात. मुलाच्या कर्जाला सहकर्जदार. प्लास्टिकच्या पिशवीतून स्टेटमेंट काढून समोर ठेवलं, व्याजाच्या प्रत्येक नोंदीखाली पेन्सिलीने रेघ मारलेली. "साहेब, हप्ता अजून सुरूच झाला नाही, मग आकडा वाढला कसा?" सही करताना त्यांना कुणी हे समजावलं नव्हतं.

आता हिशोबच करा. फी 12 लाख, दोन्ही वर्षांच्या सुरुवातीला सहा-सहा लाख, दर 10 टक्के. कोर्स संपेपर्यंत सरळव्याजानेच 1.8 लाख चढतात, कर्ज होतं 13.8 लाख. ते दोन वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता सुमारे 63,700. पाच वर्षांत फेडायचं तरी 29,300. शिवाय भाच्याचा दोन वर्षांचा बुडालेला पगार 10 लाख 8 हजार, त्याचा तर मेसेजमध्ये उल्लेखच नाही.

आणि ते "सरासरी 10 लाख". दहा मुलांपैकी नऊ जणांना 6 लाख आणि एकाला 46 लाख मिळाले, तरी सरासरी 10 लाखच येते. त्या नऊ जणांना महिन्याला 50 हजार मिळतात, तेही पीएफ कापायच्या आधी. 63,700 चा हप्ता ते कुठून भरणार? म्हणून ब्रोशर बाजूला ठेवा. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या एनआयआरएफ क्रमवारीत उतरणाऱ्या कॉलेजला आपली माहिती स्वतःच्या वेबसाइटवर ठेवावी लागते. ती पीडीएफ उघडा. प्रवेशाच्या जागा किती, वेळेत पास किती, नोकरी किती जणांना लागली आणि त्यांचा मीडियन पगार किती, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावले तर अगदी मधल्या मुलाचा, हे सगळं एका तक्त्यात असतं. "100 टक्के प्लेसमेंट" म्हणणाऱ्या कॉलेजचे पास आणि नोकरी हे दोन रकाने शेजारी ठेवून बघा.

टॅक्सची सवलत आहे, पण फक्त व्याजावर, जास्तीत जास्त 8 वर्षं, आणि जुन्या करप्रणालीतच. नाडेलांचं उदाहरण तर उलटंच पडतं. ते 1992 पासून मायक्रोसॉफ्टमध्ये होते; नोकरी न सोडता शनिवार-रविवारी शिकागोला जाऊन त्यांनी 1997 मध्ये एमबीए पूर्ण केलं. तिशीनंतर करिअर संपतं म्हणे! हिंजवडीत मोठमोठ्या टीम सांभाळणाऱ्या कितीतरी जणांकडे बीईची डिग्री आणि पंधरा वर्षांचं काम, एवढंच आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. काही दारं एमबीएशिवाय सहसा उघडत नाहीत. कन्सल्टिंग, इन्व्हेस्टमेंट बँकिंग, मोठ्या कंपन्यांच्या मॅनेजमेंट ट्रेनीच्या जागा बहुतेक कॅम्पसवरूनच भरतात. पण ते कॅम्पस मोजके. आयआयएम, मुंबईचं जमनालाल बजाज अशा ठिकाणी नंबर लागला तर मीच म्हणेन, जा. राज्याची प्रवेश परीक्षा, सीईटी, देऊन आपल्या पुणे विद्यापीठाच्या पुम्बात, म्हणजे त्यांच्या मॅनेजमेंट विभागात, प्रवेश मिळाला तर फीचं ओझंही खासगी कॉलेजइतकं नसतं. पण परीक्षा द्यायला राजीनामा लागत नाही. भाच्याने अजून एकाही परीक्षेचा फॉर्म भरलेला नाही.

बहिणीला सांगितलंय, मी स्वतः वाचल्याशिवाय सहकर्जदार म्हणून कुठेही सही करायची नाही. भाचा उद्या, रविवारी, माझ्याकडे येतोय. त्याच्या डोक्यात असलेल्या तिन्ही कॉलेजांचे ते तक्ते आणि स्वतःची पगाराची स्लिप घेऊन ये म्हटलंय. राजीनाम्याचा मेल तोवर ड्राफ्टमध्येच ठेवायचं त्याने कबूल केलंय.