लाईन ४७ वर काहीच नाहीये, दादा

पीएचपी, म्हणजे वेबसाइट बनवायची प्रोग्रामिंगची भाषा, शिकायला घेतलेल्या प्रत्येक माणसाला माझा नंबर कुठून मिळतो हे मला अजून कळलेलं नाही. मामेभाऊ झाला, मग त्याचा मित्र, मग त्या मित्राची बहीण, आणि सगळ्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "दादा, मी काहीच केलं नाही, आपोआप बंद पडलं." काय एरर आलाय विचारलं की "इंग्लिशमध्ये काहीतरी आहे". मग स्क्रीनशॉट मागितला की मोबाईलने काढलेला तिरका फोटो येतो, त्यात पंख्याचं प्रतिबिंब अगदी स्पष्ट आणि एररची ओळ नेमकी कापलेली.

मामेभावाचा परवाचा पार्स एरर होता, म्हणजे कोडचं व्याकरण चुकलेलं, लाईन ४७. "पण दादा, ४७ वर नुसता बंद होणारा कंस आहे, तो मी काढून पण बघितला, आता वेगळाच एरर आलाय!" वाक्य संपवणारा सेमीकोलन राहिला होता ४५ वर. ४६ रिकामी. आता पीएचपीला रिकाम्या ओळीचं काही सोयरसुतक नाही, ते वाक्य संपायची वाट बघत पुढे जातं आणि ४७ वर कंस दिसला की म्हणतं हा इथे कसा काय. म्हणजे ते जिथे अडलं ती ओळ सांगतं, चूक कुठे झाली ती नाही, म्हणून सांगितलेल्या ओळीच्या आधी वर बघायचं, हे मी इतक्यांना सांगितलंय की आता झोपेत पण बोलत असेन. अवतरण चिन्ह बंद करायचं राहिलं तर एडिटरमध्ये अर्धी फाईल एकाच रंगाची होऊन बसते, आंधळ्याला दिसेल इतकी, तरी लोक ४७ कडेच टक लावून बसलेले असतात. पीएचपी ८ पासून, म्हणजे २०२० पासून, निदान कुठल्या ओळीवरचा कंस उघडा राहिलाय ते तरी सांगायला लागलंय. आधी नुसतं फाईल संपली म्हणून ओरडायचं आणि शेवटची ओळ दाखवायचं.

तरी हा सज्जन एरर म्हणायचा. खरा छळवादी म्हणजे 'हेडर्स ऑलरेडी सेंट', हेडर म्हणजे पानाच्या आधी ब्राउझरला जाणाऱ्या सूचना. तो सांगतो आउटपुट पहिल्या ओळीवरच सुरू झालंय, आणि पोरगं शपथेवर सांगतं की तिथे काहीच नाही. खरंच दिसत नाही! एडिटरने फाईल सेव्ह करताना अगदी सुरुवातीला बॉम नावाचे तीन बाइट चिकटवलेले असतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत पण ब्राउझरकडे आधी तेच निघून जातात, आणि एकदा काहीही बाहेर पडलं की मग रीडायरेक्ट करायला, म्हणजे दुसऱ्या पानावर न्यायला, हेडर पाठवता येत नाही. त्यात घरच्या मशीनवर आउटपुट बफरिंग, म्हणजे आउटपुट लगेच न पाठवता साठवून ठेवणं, चालू असलं तर तिकडे सगळं मस्त चालतं आणि सर्व्हरवर टाकलं की बोंब. मग शिव्या सर्व्हरला.

यातून कंटाळून मामेभावाने कुठेतरी वाचून नवीनच उपाय काढला, प्रत्येक फंक्शनच्या आधी एरर दाबणारं अॅटचं चिन्ह आणि फाईलच्या डोक्यावर एरर रिपोर्टिंग शून्य, म्हणजे कुठलाच एरर सांगू नको. रडणाऱ्या पोराच्या तोंडावर हात ठेवायचा आणि म्हणायचं बघा कसं शांत झालं. पान पांढरं फटक! त्याने कुठल्यातरी जुन्या ट्युटोरियलमधून मायएसक्यूएल डेटाबेसला जोडायचं ते जुनं कनेक्ट फंक्शन उचललं होतं, जे २०१५ च्या डिसेंबरात पीएचपी ७ आलं तेव्हाच काढून टाकलंय. एरर दिसू दिले असते तर पीएचपीने एका ओळीत सांगितलं असतं की असं फंक्शनच नाही.

म्हटलं आधी ते अॅट आणि शून्य काढ, मग पीएचपी डॉट आयएनआय या सेटिंगच्या फाईलमध्ये डिस्प्ले एरर्स ऑन कर. केलं म्हणे, फरक नाही. अपाचे, म्हणजे पानं दाखवणारा वेब सर्व्हर, रीस्टार्ट केलास? हो. मग सगळी सेटिंग दाखवणारं पीएचपी इन्फोचं पान उघडून लोडेड कॉन्फिगरेशन फाईलपुढे काय लिहिलंय ते वाचायला लावलं, तर साहेब कमांड लाईनवाली आयएनआय बदलत होते, अपाचेची वेगळीच. माझं तर आता ठरलंय, कुठलाही बदल दिसत नसला की आधी फाईलच्या पहिल्या ओळीत डाय, म्हणजे तिथेच थांबायचा हुकूम, लिहून 'मी इथे आहे' छापायला लावतो. ते सुद्धा दिसलं नाही तर भाऊ दुसऱ्याच फोल्डरमधली कॉपी एडिट करत बसलेत असं समजायचं, आणि असं निघतंही भरपूर वेळा.

काल रात्री परत फोन. आवाजात नुसता आनंद.

"दादा, लॉगिन झालं! एक पण एरर नाही, एक पण वॉर्निंग नाही!"

"वा! अॅडमिन आहे का ते कसं तपासलंस?"

"इफ मध्ये. रोल बरोबर अॅडमिन."

"बरोबरचं चिन्ह किती वेळा?"

"एकदाच. का?"

"एकदाच लिहिलं की ते तपासत नाही, रोल अॅडमिन करूनच टाकतं. मग आता अॅडमिन म्हणून कोण कोण आत जातंय बघ."

थोडा वेळ की-बोर्डचा आवाज.

"दादा... सगळेच."