दहा ओळीत होतं की! – उद्यमनगरकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

उद्यमनगरकर, तुमच्या प्रतिक्रियेला खालीच दोन ओळी लिहून भागलं असतं, पण तेच म्हणणारे अजून दोघंतिघं निघाले म्हणून वेगळी पोस्टच टाकतोय. ज्यांनी मागचं वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: फीड (साइटवर नवीन काय आलं त्याची यंत्राला वाचता येणारी यादी, तिच्यातली एकेक नोंद म्हणजे एन्ट्री) वाचायला आणि त्याच फीडमध्ये नवीन एन्ट्री टाकायला जावास्क्रिप्टमध्ये एक डेटा स्टोअर, म्हणजे पानाच्या कोडला डेटा आणून देणारा आणि बदल सांभाळणारा मधला थर, कसं बनवायचं हे मी लिहिलं होतं, आधी डोजो टूलकिट या जावास्क्रिप्ट लायब्ररीतलं जुनं ॲप-स्टोअर (मोबाइलचं नव्हे, यातलं ॲप म्हणजे ॲटम पब्लिशिंग प्रोटोकॉल) दाखवलं आणि मग त्याच धर्तीवर एक छोटं, कुठल्याही लायब्ररीशिवायचं. त्यावर तुमचं म्हणणं असं की डोजोचं मढं आता कशाला उकरताय, गुगल रीडर (फीड वाचायची गुगलची सेवा) बंद पडल्यापासून फीड वाचतंय कोण, आणि वाचायचंच असेल तर फेच मारायचं (फीड आणायचं), डॉम-पार्सरला द्यायचं (तो त्याचे भाग सुटे करतो), वर मॅप फिरवायचा (एकेक एन्ट्री घेऊन यादी करायची), दहा ओळीत विषय संपला, त्यावर स्टोअरचं ओझं कशाला. आणि जाता जाता एक टोला, "गल्लीला कळवायचंच असेल तर व्हॉट्सॲप ग्रुप आहे की."

डोजोचं आधी उरकतो कारण त्यात भांडण्यासारखं काही नाही. आज नवीन कामाला डोजो घ्या असं मी कुठंच म्हटलेलं नाही. खुद्द डोजोवाल्यांनीच २०११ ला १.६ मध्ये जुना डेटा एपीआय (डेटा मागायची-द्यायची ठरलेली पद्धत) बाजूला सारून गेट, पुट, क्वेरी असला सुटसुटीत स्टोअर आणला. मी जुना दाखवला कारण त्यात कल्पना उघडी दिसते: वाचणं, लिहिणं, ओळख पटवणं हे तीन वेगळे करार आहेत आणि एखादं स्टोअर त्यातले कुठले पाळतं ते ते स्वतः सांगतं. ॲप-स्टोअर हे तिन्ही पाळायचं आणि त्याच्या पाठीमागं डेटाबेस नव्हता, होतं ते नुसतं ॲटम फीड (ॲटम आणि आरएसएस हे फीडचे दोन प्रकार). ग्रिडला, म्हणजे पानावरच्या तक्त्याला, पत्ताही नसायचा की आपण दाखवतोय ते कुठल्या टेबलातलं नसून कुणाच्यातरी फीडमधलं आहे. मला ते भारी वाटतं, तुम्हाला वाटत नसेल तर असू दे.

आता तुमच्या दहा ओळी. तुम्ही दिलेला कोड मी ब्राउझरमध्ये चिकटवला आणि फीडचा पत्ता एका मराठी ब्लॉगचा दिला, चाललं नाही. चालणारही नव्हतं, कारण दुसऱ्याच्या डोमेनवरचं फीड ब्राउझर तुमच्या स्क्रिप्टला वाचू देत नाही, समोरच्या सर्व्हरनं तशी परवानगी हेडरमधून दिली असेल तरच देतो, आणि बरेच ब्लॉग ती देत नाहीत. म्हणजे मध्ये स्वतःचा छोटा प्रॉक्सी, आपल्या वतीनं फीड आणून देणारा सर्व्हर, आला. प्रॉक्सी आला की दर वेळी अख्खं फीड ओढायचं का हा प्रश्न आला, मग ई-टॅग (सर्व्हरनं त्या प्रतीला दिलेली खूण) लक्षात ठेवा, पुढच्या खेपेला तो पाठवा, ३०४ आलं तर काही बदललेलं नाही असं समजून जुनंच दाखवा. हे सगळं कुठंतरी ठेवायला लागतंच. तुमच्या दहा ओळींच्या आता चाळीस झाल्या आणि अजून आपण एक एन्ट्रीसुद्धा उघडून बघितलेली नाही.

उघडल्यावर तर मजाच आहे. डॉम-पार्सरला मोडकं एक्सएमएल (फीड ज्यात लिहितात ती टॅगांची भाषा) दिलं तर तो एरर फेकत नाही, गपचूप पार्सर-एरर नावाचा एलिमेंट असलेलं डॉक्युमेंट हातात देतो, तुमचा ट्राय-कॅच आपला वाट बघत बसतो आणि मॅपमधून रिकामी यादी येते. आणि फीड मोडायला काही लागत नाही, कुणीतरी वर्डमधून मजकूर चिकटवला, त्यात एचटीएमएलची ती एनबीएसपी (न तुटणाऱ्या मोकळ्या जागेची खूण) आली की संपलं, कारण एक्सएमएलला ती ओळखीची नाही. तारखांचं वेगळंच. आरएसएस २.० मध्ये तारीख ईमेलच्या जुन्या थाटात येते, म्हणजे वार, दिवस, महिन्याचं इंग्रजी नाव वगैरे, आणि ॲटममध्ये वर्षापासून सुरू होणारी, टाइमझोनसकट. दोन्ही एकत्र करून नुसतं अक्षरांवर सॉर्ट केलंत तर शुक्रवार सोमवारच्या आधी येतो, कारण एफ हा एमच्या आधी.

पण हे सगळं सांभाळता येतं, एक फंक्शन लिहिलं की झालं, त्यासाठी स्टोअर पाहिजे असा माझा हट्ट नाही. हट्ट दुसऱ्या गोष्टीचा आहे: एन्ट्रीला ओळख असते, आणि मॅप फिरवला की नेमकी ती हरवते.

मी हे ज्यासाठी बनवलं तेच उदाहरण घेतो. आमच्या तालमीच्या पोरांनी पावसाळ्यासाठी एक पान चालवलंय. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याची पातळी, कुठला रस्ता बंद, राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले का. कोल्हापूरच्या बाहेरच्यांना सांगायला पाहिजे की ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, आणि जुलै-ऑगस्टमध्ये इथं सकाळी चहाच्या आधी माणसं पातळी विचारतात, सुतारवाड्यातली तर बोचकी बांधायची का नाही ते त्यावरच ठरवतात. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, ते धरण भरलं की आपोआप उघडतात, एकेकातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं आणि ते कधी बंद होतील, परत कधी उघडतील हे पावसावर. सकाळी सातला एन्ट्री पडली, "६ नंबरचा दरवाजा उघडला." अकराला तो बंद झाला. दुपारी परत उघडला.

आता तुमचा मॅप काय करतो बघा. तो फीडमधल्या एन्ट्र्यांची यादी करतो आणि कुणी काय वाचलं ते यादीतल्या नंबरावर लक्षात ठेवतो, पहिली वाचली, दुसरी वाचली. फीडमध्ये नवीन एन्ट्री वरती येते. म्हणजे दुपारची एन्ट्री आली की ती झाली पहिली, आणि पहिली तर "वाचलेली" आहे, त्यामुळं सगळ्यात ताजी बातमी फिकी होऊन जुन्यांत जाऊन बसते आणि तीन दिवसांपूर्वीचं, कधीच वाचलेलं काहीतरी ठळक होऊन वर डोकं काढतं. कोड मोडलेला नाही, कन्सोलमध्ये लाल काही नाही, नुसतं चुकीचं चाललंय. ॲटमचं स्पेसिफिकेशन, म्हणजे नियमांचा दस्तऐवज, आरएफसी ४२८७ (इंटरनेटच्या अशा दस्तऐवजांना आरएफसी नंबर असतो), डिसेंबर २००५ चं, त्यात स्पष्ट आहे की प्रत्येक एन्ट्रीला आयडी पाहिजेच आणि एन्ट्री दुसऱ्या पत्त्यावर हलवली तरी तो बदलायचा नाही. अपडेटेड, म्हणजे शेवटच्या महत्त्वाच्या बदलाची वेळ, पण सक्तीची. आरएसएस २.० मध्ये मात्र जीयूआयडी (तिथला एन्ट्रीचा आयडी) दिला तर दिला, नाही तर नाही, तारखेचंही तसंच. म्हणून स्टोअरचं पहिलं काम हे, की कुठल्याही फीडमधून काहीही येऊ दे, आत घेताना त्याला एक पक्का आयडी लावायचा, जीयूआयडी नसेल तर लिंकवरून, लिंक नसेल तर मजकुरावरून, आणि पुढचा सगळा व्यवहार त्या आयडीनं. वाचलेलं, जपून ठेवलेलं, लपवलेलं, सगळं.

आणि इथंच व्हॉट्सॲपचं उत्तर पण येतं. ग्रुपला माझा विरोध नाही, मी स्वतः चारपाच ग्रुपवर आहे आणि पूर आला की तेच आधी वाजतात. पण फॉरवर्ड झालेल्या मेसेजला ना आयडी असतो ना मूळ तारीख. "सर्व दरवाजे उघडले, सावध राहा" हा मेसेज गेल्या वर्षीचा की आत्ताचा हे त्यावरून कळत नाही, आणि दर पावसाळ्यात जुना पुराचा व्हिडिओ नव्यानं फिरतो हे तुम्हाला मी सांगायला नको. चुकीचा मेसेज दुरुस्त करायचा म्हटलं तर तोपर्यंत तो पन्नास ग्रुपवर पोचलेला असतो आणि तिथल्या प्रतींशी तुमचा संबंध संपलेला. फीडमधली एन्ट्री दुरुस्त केली की जो जो ते फीड ओढतो त्याच्याकडं तीच एन्ट्री बदलून येते, दुसरी शेजारी येऊन बसत नाही.

म्हणजे आता लिहिण्याची बाजू, ज्याबद्दल तुम्ही काहीच म्हटलेलं नाही आणि खरी गंमत सगळी तिथं आहे. ॲटम पब्लिशिंग प्रोटोकॉल, म्हणजे एन्ट्री टाकायचे, बदलायचे, काढायचे नियम, आरएफसी ५०२३, ऑक्टोबर २००७. नवीन एन्ट्री कलेक्शनच्या (एन्ट्र्या जिथं साठतात त्याच्या) पत्त्यावर पोस्ट करायची, सर्व्हर २०१, म्हणजे तयार झाली, म्हणतो आणि लोकेशन हेडरमध्ये तिचा पत्ता देतो. बदलायची असेल तर एन्ट्रीतच एडिट नावाची लिंक असते तिथं पुट, काढायची असेल तर तिथंच डिलीट. स्टोअरमध्ये हे असं दिसतं की न्यू-आयटम, सेट-व्हॅल्यू, डिलीट-आयटम म्हटलं की लगेच काही जात नाही, बदल बाजूला साठतात, सेव्ह म्हटलं की जातात, रिव्हर्ट म्हटलं की रद्द. 

तालमीच्या पानावर तिघंजण लिहितात. समजा एकानं पातळीची एन्ट्री उघडली, ३८ फूट ९ इंच आहे, तो ३८ फूट ११ इंच करतोय, तेवढ्यात त्याला फोन आला. दरम्यान दुसऱ्यानं तीच एन्ट्री ३९ फूट १ इंच करून सेव्ह केली. पहिल्याचा फोन संपला, त्यानं सेव्ह दाबलं. साधा पुट असेल तर ३९ फूट १ इंच पुसलं गेलं आणि पानावर इशारा पातळीच्या खालचा आकडा आला, तोही ताजी वेळ घेऊन. स्टोअरनं एन्ट्री वाचतानाचा ई-टॅग जपून ठेवला असेल आणि पुटसोबत इफ-मॅच म्हणून पाठवला असेल तर सर्व्हर ४१२ म्हणून परत पाठवतो, तू बघितलीस ती प्रत आता राहिली नाही. मग स्टोअर नवीन प्रत आणतं, दोन्ही शेजारी दाखवतं, माणूस ठरवतो. हे फेचच्या दहा ओळीत होईल का? होईल, पण ई-टॅग कुठं ठेवणार? एन्ट्रीपाशीच. कुठली एन्ट्री बदलली हे कसं कळणार? एक यादी लागणार. रद्द करायचं असेल तर जुनी किंमत लागणार. हे सगळं लिहून झालं की तुमच्या हातात स्टोअरच असेल, फक्त नाव दिलेलं नसेल.

तेवढ्यात एक बारीक गोष्ट, मला लई आवडणारी. शुद्धलेखन सुधारलं तर अपडेटेड बदलायचं का? ॲटम म्हणतं की लेखकाला बदल महत्त्वाचा वाटला तरच बदला. आणि पब्लिशिंग प्रोटोकॉलमध्ये एडिटेड म्हणून वेगळी वेळ आहे ती मात्र प्रत्येक बदलाला हलते. म्हणजे वाचणाऱ्याला एक वेळ आणि यंत्राला दुसरी. पोरांनी "दरवजा"चं "दरवाजा" केलं म्हणून रात्री दोनला सगळ्यांचे फोन वाजायला नकोत.

स्टोअर सगळं तारून नेतं असं पण नाही. पावसात नेटवर्क जातं तेव्हाची अडचण बघा: पोस्ट सर्व्हरपर्यंत पोचली, एन्ट्री तयार झाली, पण २०१ चं उत्तर वाटेत हरवलं. स्टोअरच्या लेखी एन्ट्री अजून गेलेलीच नाही, ते परत पोस्ट करणार आणि एकाच्या दोन होणार. आपण आधीच आयडी बनवून पाठवला तरी पूर्ण खात्री नाही, कारण या प्रोटोकॉलमध्ये सर्व्हरला तो बदलायची मुभा आहे. माझ्या स्टोअरमध्ये म्हणून अशा वेळी आधी फीड परत ओढतो, तोच मजकूर तेवढ्या वेळात आलाय का बघतो, नसेल तरच पुन्हा पाठवतो. देखणं नाही, पण चालतं. सर्व्हर आपलाच असेल तर त्यालाच आपला आयडी ठेवायला सांगायचं, आम्ही तेच केलंय.

"फीड वाचतंय कोण" याला काय उत्तर देऊ. गुगल रीडर १ जुलै २०१३ ला गेला हे खरंच, मलाही वाईट वाटलेलं. पण तुम्ही कागलला जाता-येता पॉडकास्ट ऐकत असाल तर तो आरएसएसवरच येतो, एन्क्लोजर नावाच्या टॅगमधून. वर्डप्रेसवरच्या कुठल्याही ब्लॉगच्या पत्त्यापुढं स्लॅश फीड लिहून बघा, मालकानं मुद्दाम बंद केलं नसेल तर मिळतं. पाण्याची टाकी दिसत नाही म्हणून नळाला पाणी कुठून येतंय हे विसरायचं नसतं. लिहिण्याची बाजू मात्र खरंच मागं पडली, ते कबूल करायला पाहिजे. वर्डप्रेसनं २०१२ मध्येच ॲटम पब्लिशिंग मूळ कोडमधून काढून प्लगइनला देऊन टाकलं आणि २०१६ ला जेसनवाला (एक्सएमएलऐवजी जेसन या सुटसुटीत स्वरूपात डेटा देणारा) रेस्ट एपीआय आत घेतला. २०१७ मध्ये तर जेसन फीड पण आलं. ज्याला एक्सएमएल नको त्यानं ते घ्यावं. मी आमच्या पानाला दोन्ही देतो आणि त्यासाठी स्टोअरच्या आतली वाचणारी दोन फंक्शनं वेगळी आहेत, बाहेर पानाचा कोड एक अक्षरानं बदलला नाही. स्टोअर घ्यायचं ते याच्यासाठी.

तुमचा एक मुद्दा राहिला जो मला पटला, पाच हजार एन्ट्र्या झाल्या तर हे सगळं मेमरीत ठेवणार का. नाही ठेवायचं. फीडची पानं पाडायला आरएफसी ५००५ आहे, फीडमध्येच नेक्स्ट नावाची लिंक येते, स्टोअरनं एक पान आणायचं आणि खाली सरकलं की पुढचं. जुन्या एन्ट्र्या इंडेक्स्ड-डीबीत (ब्राउझरमधल्या साठ्यात), किल्ली अर्थातच आयडी. मागच्या पोस्टमधल्या कोडमध्ये हे नव्हतं कारण ती आधीच लांबली होती, आता जोडून टाकलंय. तिथं फेच-पेज नावाचं फंक्शन बघा, आणि जमलं तर तुमच्या दहा ओळी त्याच्या आत बसवून बघा, बसतात. वाचणारा भाग म्हणून त्या चांगल्याच आहेत, फक्त पार्सर-एरर तपासायची एक ओळ वाढवा.